आधी नेहमीचे कुरव बघ

तामलवाडी,
मार्गशीर्ष

चि. मनू,

पुण्याहून इकडे येताना भिगवणला उतरून उजनीच्या पाण्यावरचे कुरव बघणार आणि त्यांतला एखादा निराळा हुडकणार, असं तू कळवलंस. बेत झकास आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेली माणसं आपल्या गावावरून पुढे गेली, की माझे पाखरांचे दिवस सुरू होतात. हिप्परग्याच्या तलावावर मी हिंडतोच, पण कुरवांचे थवे बघायचे तर उजनीवर जावं.

आपल्याकडचा शेळ्या राखणारा पोरगा कळपात घुसलेली परकी शेळी लांबूनच ओळखतो. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच, तरी ओळखतो. त्याला परकीची खूण ठाऊक नसते, स्वतःच्या शेळ्या ठाऊक असतात. तूही तसंच कर.

तिथला नेहमीचा म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वीण उरकून तो खाली येतो. हिवाळ्यात मात्र त्याचं डोकं पांढरं असतं. डोळ्यामागे तेवढा काळपट ठिपका. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तेच. तेव्हा डोक्याच्या रंगावर विसंबू नकोस, डोळा बघ. तपकिरीचा डोळा फिकट, म्हणून चेहरा रागीट वाटतो. काळ्याचा डोळा गडद, चेहरा गरीब. मग पाखरू उडेपर्यंत दम धर. तपकिरीच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके. काळ्याच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरीशुभ्र.

खरी फसगत होते ती पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी पोरांपाशी. त्यांचा डोळा गडद असतो, पंखाच्या काळ्या टोकात ठिपके नसतात, पंखांवर तपकिरी डाग आणि शेपटीला काळी पट्टी असते. थव्यात निराळी वाटणारी पाखरं बहुधा हीच निघतात. अशा वेळी पंखाची कड बघ. ती पांढरी नसेल, तर पोर तपकिरीचंच.

एखादा धिप्पाड दिसला, तर तो पल्लासचा कुरव असेल. नेहमीचा ४२ सेंटिमीटरच्या आसपास, हा साठच्या वर. पूर्ण वाढलेल्याची चोच पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा, डोळ्याभोवती काळपट छाया. प्रौढ पिसारा यायला त्याला चार वर्षं लागतात, त्यामुळे प्रत्येक वयाचा वेष वेगळा. आणखी एक लक्षात ठेव: लांब मान, उतरतं कपाळ, लांब सडसडीत चोच आणि डोळ्यामागचा ठिपका जवळजवळ नाहीच, असा कुरव गुजरातच्या किनाऱ्यावर असतो. तो इतक्या आत दिसला, तर मात्र नावाड्याला नाव थांबवायला सांग.

सूर्य पाठीशी ठेव. समोरून उजेड आला की राखाडी पाठही काळी दिसते. फोटोत पंख उघडलेला असावा. बसलेल्या पाखराच्या दहा फोटोंपेक्षा तो एक कामाचा.

आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ घरी आहे. तू आलीस की दोघं मिळून उघडू. तोवर वहीत नाव लिहू नकोस. डोळा, चोच, पाय, पंख, शेपूट एवढंच लिही. ज्या पाखराचा पंख दिसलाच नाही, त्याच्यापुढे ‘कुरव’ इतकंच लिहिलंस तरी नोंद खरी ठरेल.

तुझा,
मामा