मुदतीचा धनी

आम्ही ज्या कॉटन ग्रीनमध्ये राहतो त्यास हे नाव कापसाने दिले. कोटातील हिरवळीवर पूर्वी कापसाचा बाजार भरे. तो 1844 साली कुलाब्यास गेला आणि पुढे 1920 नंतरच्या दशकात, पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून मिळविलेल्या शिवडीच्या जमिनीवर आला. हिरवळ मागे राहिली. नाव तेवढे गाठींबरोबर इकडे आले. कापूस येथे, तर गिरण्या पश्चिमेस परळात. आणि आम्ही ज्यांस शुद्धलेखन शिकविले त्या मुलांचे वडील बहुधा त्या गिरण्यांत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या पटावरील नावे एकेक करून कोकणात परतू लागली.

परळच्या त्या गिरण्यांपैकी दोन म्हणजे ज्युपिटर व एल्फिन्स्टन. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने 2005 साली त्यांच्या जमिनी विकावयास काढल्या, तेव्हा इंडियाबुल्सने एक 276 कोटी व दुसरी 441 कोटी रुपयांस घेतली. तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. 2018 साली त्यांतील निम्मा हिस्सा सुमारे 4,750 कोटींस एका अमेरिकन पेढीने घेतला व पुढे उरलेलाही घेतला. ही पेढी ब्लॅकस्टोन.

श्वार्झमन व पीटरसन ह्या दोघा गृहस्थांनी ती 1985 साली चार लाख डॉलरांवर काढली. जर्मन भाषेत ‘श्वार्झ’ म्हणजे काळा आणि ग्रीक भाषेत ‘पेत्रोस’ म्हणजे दगड. दोघांच्या नावांचा हा समास. आम्ही तिला घरात ‘कृष्णशिला’ म्हणतो, हा मास्तरकीचा जुना खोड! 2023 साली तिच्या हाताखालील धन एक लाख कोटी डॉलरांवर गेले.

ही पेढी सावकार नव्हे, कारखानदारही नव्हे. ती लोकांचा पैसा ठराविक मुदतीसाठी, बहुधा दहा वर्षांसाठी, घेते. त्यातून अख्ख्या कंपन्या व इमारती विकत घेते. किंमतीचा मोठा भाग कर्जाऊ असतो, आणि मौज अशी की ते कर्ज घेणाऱ्याच्या डोक्यावर नसून घेतलेल्या मालाच्याच डोक्यावर बसते. कोणी वाडा घ्यावा, गहाणखत वाड्याच्याच नावे करावे, भाडेकऱ्यांच्या भाड्यातून हप्ते फेडावे, डागडुजी करावी आणि सहाव्या वर्षी तो दुसऱ्यास विकावा, तसे हे आहे. ह्या श्रमांबद्दल निधीच्या दोन टक्क्यांच्या आसपास वार्षिक वेतन व नफ्याचा पाचवा हिस्सा घेण्याचा ह्या धंद्यात प्रघात आहे. हिल्टन हॉटेले तिने 2007 साली सुमारे 26 अब्ज डॉलरांस, बहुतांशी कर्जाने, घेतली. पुढच्याच वर्षी जगावर मंदी कोसळली. पेढीने दम धरला, कर्जाची फेरमांडणी केली आणि 2018 पर्यंत सुमारे 14 अब्जांचा नफा घेऊन ती बाहेर पडली. कौशल्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही.

परळचे भोंगे ह्या पेढीने बंद पाडले नाहीत. ती आली तेव्हा ते केव्हाच बंद झाले होते. उलट आमच्या चाळीतील दोन मुली अशाच मनोऱ्यांत कामास जातात व त्यांच्या पगारावर घरे चालतात. खटकते ते निराळेच. गिरणीच्या फाटकावर शेठजीचे नाव असे. शिव्या द्यावयाच्या तरी कोणास, हे कामगारास ठाऊक असे. आमचा एक जुना विद्यार्थी परळच्या एका मनोऱ्यात पहारेकऱ्यांचा मुकादम आहे. त्याचे वडील गिरणीत साचे चालवीत. इमारतीचा धनी कोण, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, मला पगार ठेकेदार देतो. त्याच्या वरचं मी पाहिलेलं नाही.”

त्याच्या वर कोण आहे, हे शोधीत गेलो तर शेवटी आमचीच जात भेटते! शिक्षक, परिचारिका, अग्निशामक दलाचे लोक यांच्या निवृत्तिवेतनाचे धन आपण सांभाळतो, असे ही पेढी अभिमानाने सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर 2023 च्या जानेवारीत तिच्या घरजमिनींच्या निधीत 4 अब्ज डॉलर घातले. संयुक्त राष्ट्रांच्या निवासहक्कविषयक प्रतिनिधीने 2019 साली घरांच्या भाड्यांवरून ह्या पेढीस दोष दिला व पेढीने तो नाकारला. त्या भाड्यांतही कोणा म्हाताऱ्या मास्तराची पेन्शन असेल.

आता ही गोष्ट आमच्या उंबऱ्याशी आली आहे. 2025 च्या ऑगस्टात परळचे ते मनोरे, वन वर्ल्ड सेंटर व वन इंटरनॅशनल सेंटर ह्या नव्या नावांनी, नॉलेज रिॲल्टी ट्रस्टमध्ये गुंफून बाजारात आले. शंभर रुपयांच्या आसपास एक हिस्सा. पुतण्या म्हणतो, “काका, ठेवीतले थोडे पैसे तिथे ठेवू. भाड्याचा वाटा नियमित मिळेल.” हिशेब त्याचा चोख आहे. वहिनींनी मात्र विचारले, “त्या मुकादमाचा पगार वाढला तर आपला वाटा कमी होईल का हो?” पुतण्याने थोडा विचार करून सांगितले, “थोडासा होईल, काकू.”

कागद अद्याप फडताळात आहेत.