कंसातलं साल

(फुले, १९६९). मध्यंतरी आमच्या त्रैमासिकाकडे आलेल्या एका शोधनिबंधात अशी नोंद होती. शैलीपुस्तिकेप्रमाणे ती अगदी बरोबर होती. निबंधकाराने ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ वापरलं होतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९६९ मध्ये काढलं, आणि नियम म्हणतो की हाताशी असलेल्या आवृत्तीचं साल द्यावं. पण उतारा होता ‘गुलामगिरी’तला, १८७३चा, आणि जोतीराव १८९० मध्ये वारले. त्याच परिच्छेदात पुढे (शिंदे, १९७५) होतं. ताराबाईंची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ची, स. गं. मालशे यांनी ती १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणली. शेवटी (ऑम्व्हेट, १९७६). फुल्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहिणारी गेल ऑम्व्हेट, स्वतः फुले आणि ताराबाई, तिघंही सात वर्षांच्या आत लिहून गेल्यासारखी शेजारी शेजारी बसली होती. त्या परिच्छेदाचा विषयच मुळी कोणी कोणाच्या आधी म्हटलं हा होता.

आम्ही तळटीपा सोडून लेखक-साल पद्धतीवर आलो तेव्हापासून हा काटा मला सलतो आहे. संपादक मंडळाने निर्णय घेतला, त्याची कारणं मला पटतात. तळटीपांतले ‘तत्रैव’ आणि ‘पूर्वोक्त’ यांनी वाचक बेजार होतो, शिवाय निबंध वाचायला घेतानाच त्याला पूर्ण सूची एके ठिकाणी मिळते. पण ही पद्धत आली प्राणिशास्त्रातून. हार्वर्डच्या एडवर्ड मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगायीच्या जातीतल्या एका प्राण्याच्या अंड्यांवर लिहिताना ती वापरली, आणि तिची सुरुवात तिथूनच सांगितली जाते. तिथे नवं निरीक्षण आलं की जुनं मागे पडतं, म्हणून साल कंसात ठळक हवं. आमच्याकडे दीडशे वर्षांपूर्वीचा मजकूर दर पिढीत नव्याने छापला जातो, आणि कंसात बसतं ते छापणाऱ्याचं साल.

तिरपी रेघ देऊन दोन्ही सालं लिहिण्याची सोय सगळ्यांना ठाऊक आहे: (फुले, १८७३/१९६९). मीही तीच सक्तीची केली. मग माझ्या हाताखाली एक मुलगी शिकायला आली. इतिहासात एम.ए., झोटेरो या सूची लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर हात इतका सराईत की मूळ साल ‘एक्स्ट्रा’च्या रकान्यात टाकून सगळी सूची ती चहा निवायच्या आत लावून देते. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मॅडम, यांनी १८७३ची प्रत पाहिलेली नाही. मग ते साल आपण कुणाच्या जबाबदारीवर लिहितो?”

या प्रश्नाने माझी कामाची रीत बदलली. रेघेच्या उजवीकडचं साल निबंधकाराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. डावीकडचं त्याने कुणावर तरी विश्वास ठेवून घेतलेलं असतं, बहुधा प्रस्तावनेवर. ही दोन वेगळ्या वजनाची विधानं आहेत आणि आम्ही ती एका कंसात सारख्या टाइपात बसवतो. आता डाव्या सालाचा आधार काय, हे मी प्रत्येक निबंधकाराला पत्राने विचारते. काही जण चिडतात. चिडू देत.

आणि दोन सालं दिली तरी भागत नाही. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड, वसंत मून यांनी संपादित केलेला, १९७९चा. त्यातून उद्धृत केलेलं सगळं (आंबेडकर, १९७९) होऊन येतं. त्याच खंडात ‘कास्ट्स इन इंडिया’ आहे, कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेला निबंध. आणि भाषिक राज्यांवरचं १९५५चं पुस्तकही आहे. पंचविशीतला विद्यार्थी आणि घटना लिहून झालेला नेता यांच्यातलं अंतर एका आकड्याने पुसलं जातं. बाबासाहेबांचा विचार कसकसा बदलत गेला हे मांडणारा निबंध आणि त्यात ओळीने १९७९, १९७९, १९७९! वाचकाने तपासायचं कसं?

खंडातल्या प्रत्येक लेखनाची नोंद वेगळी केली तरी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ अडतंच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, न झालेलं भाषण १९३६ मध्ये छापलं गेलं. गांधीजींनी त्यावर ‘हरिजन’मध्ये त्याच वर्षी जुलैत लिहिलं. ते लेखन आणि बाबासाहेबांनी त्याला दिलेलं उत्तर पुस्तकात आलं १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत. तेव्हा त्या उत्तरातलं वाक्य घेऊन (आंबेडकर, १९३६/१९७९) लिहिलं, तर ज्या टीकेला ते उत्तर आहे ती टीका होण्याआधीच ते पुस्तकात होतं असं होतं. इथे मी नोंद फोडते आणि आवृत्तीचं साल डावीकडे घालते. शैलीपुस्तिकेत याला जागा नाही, तरी घालते.

शके असलं की आणखी एक पेच. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, पुढे फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी. मुखपृष्ठावर नुसतं ‘शके १८०४’ असेल आणि महिना नसेल, तर ते १८८२ की १८८३ हे ठरत नाही. सॉफ्टवेअरचा रकाना एकच आकडा मागतो. मी ‘१८८२-८३’ असंच ठेवते आणि सोबत शक देते.

एपीए या शैलीपुस्तिकेच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचं ठिकाण गाळलं, तेही मला मान्य नाही. मराठी पुस्तक बडोद्याला निघालं की पुण्याला, यावरून त्यामागचा आश्रय कळतो. सयाजीरावांच्या ग्रंथमाला ठिकाण गाळून कशा ओळखू येणार? आणि ज्या नियतकालिकांत पैसे भरले की पंधरवड्यात निबंध छापून येतो, तिथल्या सूच्या मी वाचते तेव्हा संताप होतो. तिथे सूची कुणी उघडूनही पाहत नाही. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या सूच्या येऊ लागल्या आहेत: लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक कधी निघालंच नाही. स्वल्पविरामापर्यंत सगळं निर्दोष असतं, म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते.

माझ्या मनातलंही सांगते. निबंध त्यांचा, पण सूची माझी, असं मी कायम मानत आले. तळटीपांच्या काळात मूळ साल, आवृत्ती, संपादक, पानं हे सगळं एका वाक्यात ओवण्याचं कसब माझ्याकडे होतं आणि जाणकार ते ओळखत. कंसाने ती जागा घेतली. त्या एका सालासाठी मी इतकी भांडते त्यात संशोधनाची काळजी किती आणि हिरावलेल्या मानाचं दुःख किती, हे मला वेगळं काढता येत नाही. ती मुलगी माझ्यापेक्षा वेगाने काम करते याचा मला त्रास होत नाही. तिने तो प्रश्न माझ्याआधी विचारला, याचा होतो.

आमच्याकडे निबंध पाठवणाऱ्यांना एकच विनंती आहे. जे पुस्तक प्रत्यक्ष हाताळलं त्याच्या शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या, आवृत्त्यांची सालं छापलेल्या पानाचा फोटो निबंधासोबत जोडा. स्वल्पविराम, कंस, क्रम आम्ही लावू. ते पान मात्र फक्त तुमच्यासमोर उघडलेलं असतं.