गॅरेज आवरताना

नेवासे तालुक्यात आमच्या गावच्या घरामागे एक लाकडी गॅरेज आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी माझ्या पिढीच्या तोंडी अजून 'नगर'च येते. त्या नगरच्या लष्करी छावणीमुळे महायुद्धानंतर डिस्पोजलमधल्या जीपगाड्या आमच्या भागात पोहोचल्या होत्या. अशीच एक जीप आजोबांनी घेतली आणि तिच्यासाठी बाभळीच्या खांबांवर फळ्या ठोकून हा आडोसा उभा केला. आजी त्याला शेवटपर्यंत 'गाडीघर' म्हणत असे. माझ्या लहानपणीच जीप गेली, नाव उरले. आणि घरात ज्याचे काय करावे ते कळत नाही अशी प्रत्येक वस्तू तेथे जाऊन पडू लागली.

पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो तेव्हा मला हाताने काही करायचे होते. निदान स्वतःच्या पुस्तकांची मांडणी तरी स्वतः करावी, एवढीच महत्त्वाकांक्षा. त्यासाठी गॅरेज रिकामे करून तेथे छोटी कार्यशाळा उभारायची ठरवली. मनात 'पैस' हा शब्द घोळत होता. आमच्या तालुक्याच्या माणसाला तो सहज सुचतो. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे परंपरा मानते, तो 'पैसाचा खांब' प्रवरेकाठी नेवाशातच आहे, आणि दुर्गा भागवतांच्या १९७० च्या लेखसंग्रहाचे नावच 'पैस'. जागा आणि पैस यांतला फरक मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला होता. प्रत्यक्षात पैस करायचा म्हणजे नाकाला फडके बांधून आत शिरावे लागते, हे या वयात कळले.

आवरायला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस नुसते बाहेर काढणेच चालले होते. बारदाने, खताच्या रिकाम्या गोण्या, जीपचे दोन टायर, पाभरीचे चाडे, एका बाजूची शिवळ मोडलेले जू, विहिरीवरच्या इंजिनाचे सुटे भाग, कोण्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा सांगाडा. एका टायरमधून विंचू निघाला. खालच्या फळ्या वाळवीने इतक्या पोखरल्या होत्या, की हात लावताच बाहेरचा पापुद्रा तेवढा हातात येई. खांब मात्र शाबूत होते. जुन्या बाभळीवर कुऱ्हाडीचे पातेही घसरते. खालच्या फळ्या बदलल्या, खांबांच्या बुडांना गॅरेजवाल्याकडून आणलेले जळके ऑइल दोनदा पाजले. छपराचा एक पत्रा काढून तेथे फायबरचा पांढरा पत्रा बसवला. त्यातून उजेड आत आला तेव्हा मला खरोखर नवल वाटले, कारण हे घर इतकी वर्षे माझ्या मनात अंधारीच होते.

त्या उजेडात मागच्या कोपऱ्यातली पेटी दिसली. सागवानी, कडीची, कुलूप नसलेली. आत वाकस, दोन रंधे, तीन पटाश्या, गिरमिट, एक करवत, आणि तळाशी दोरी तुटलेला सामता. प्रत्येक हत्याराच्या मुठीवर तापल्या सळईने उठवलेली तीन टिंबे होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर यांतली निम्मी नावे मला त्या दिवशी आली नसती. मोल्सवर्थ-कँडींचा १८५७ चा कोश माझ्या टेबलावर कायम असतो; पण हातात वस्तू आणि तोंडात नाव नाही, अशा वेळी कोशाचा काही उपयोग नसतो. तो नावाकडून वस्तूकडे नेतो. उलट्या वाटेने जायला माणूस लागतो.

माणूस घरातच होता. आईने ओसरीवर बसल्याबसल्या पेटीकडे पाहिले आणि म्हणाली, "ही सुतारमामांची. बहात्तरच्या दुष्काळात ठेवून गेले होते."

१९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. रेशनवरची लाल मिलो, शाळेतली सुकडी आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा मला आठवतात. आणखी एक गोष्ट आमच्या घरात वारंवार सांगितली जाई : त्या वर्षी आजोबांनी सुताराला पोतेभर ज्वारी दिली होती. ती मी स्वतःही सांगितली आहे, एकदा तर 'गावगाडा' शिकवताना भर वर्गात. त्रिंबक नारायण आत्र्यांचे हे पुस्तक १९१५ चे. त्यात बलुत्याची रचना वाचताना विद्यार्थी व्यवस्थेवर तुटून पडत, आणि मी तोल सावरण्यासाठी आजोबांचे पोते पुढे करी. ज्वारीच्या बदल्यात पेटी राहिली होती, हा उत्तरार्ध मला कोणी सांगितला नव्हता. आईलाही तो लपवायचा नव्हता. तिच्या लेखी ती गोष्ट सांगण्यासारखीच नव्हती, इतकेच.

मग मी विचार करत बसलो. बलुते मिळते ते सुगीला, खळ्यावर. पीकच नाही तर खळे नाही, आणि खळे नाही तर बलुते नाही. शेतकऱ्याच्या कणगीत तळाशी थोडे तरी असते. वर्षभर नांगर-पाभरी भरून देणाऱ्या सुताराकडे तेही नसते. दुष्काळी कामावर दगड फोडायला वाकस चालत नाही. तेव्हा त्या साली गावात सर्वांत निरुपयोगी वस्तू कोणती असेल तर ती सुताराची पेटी, आणि तीच गहाण पडली. आमचा जिल्हा सावकारीच्या इतिहासात अनोळखी नाही. १८७५ चे दख्खनचे दंगे पारनेर-श्रीगोंद्याकडेही पसरले होते आणि १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यांत नगर होते. १९०८ च्या दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमानुसार कारागिराची हत्यारे कोर्टालाही जप्त करता येत नाहीत. पण आमच्या घरी जप्ती झालीच नव्हती. सुतारमामा स्वतः पेटी डोक्यावर घेऊन आले होते. आजोबा सावकार नव्हते, पावती नव्हती, व्याज नव्हते. असे असताना ती पेटी पन्नास वर्षे आमच्या गॅरेजात का राहिली, याला माझ्याकडे बरे उत्तर नाही.

सुतारमामांचा नातू नेवासा फाट्यावर फर्निचरचे दुकान चालवतो. प्लायवूड, लॅमिनेट, स्वयंपाकघरातली कपाटे. पेटी रिक्षात घालून त्याच्याकडे नेली. त्याने यंत्र बंद केले, हात पुसले आणि झाकण उघडले. तीन टिंबांवरून अंगठा फिरवून म्हणाला, "आमचा आजा म्हणायचा, पेटी सोडवायची राहिली."

म्हणजे त्यांच्या घरी गोष्टीचा उत्तरार्धच सांगितला जात होता.

मग त्याने विचारले, "किती द्यायचे, सर?"

मी वाटेत बरेच काही जुळवून ठेवले होते. क्षमा, ऋण वगैरे. त्यातला एकही शब्द त्या प्रश्नापुढे टिकला नाही. "काही नाही, तुमचीच आहे," एवढेच म्हणालो. त्यावर तो हसला नाही की आभारही मानले नाहीत. त्याने पेटी उचलून आतल्या फळीवर ठेवली. "आईला दाखवतो," म्हणाला. मग हत्यारांची नावे मी त्यालाच विचारली आणि वहीत लिहून घेतली. सामत्यापाशी तोही अडला. त्याने घरी फोन लावून आईला विचारले.

चार दिवसांनी तो माझ्याकडे कामाचे टेबल बसवायला आला. गॅरेजच्या जुन्या दाराची फळीच त्याला वर घ्यायची होती. ती चांगली आहे, म्हणाला. मजुरी पुरती ठरवून घेतली, आणि मला त्याचे बरे वाटले. निघताना त्याने पिशवीतून लहान रंधा काढला. पाते घासून लखलखीत केले होते.

"हा तुम्हाला लागंल. तीनशे रुपये."

मी तीनशे मोजून दिले. त्याने ते पुन्हा मोजून खिशात घातले.

आता सकाळी दोन तास मी तेथे असतो. रंध्याची सालपे अजून सलग निघत नाहीत, मध्येच तुटतात. पुस्तकांच्या मांडणीची एक बाजू झाली आहे. टेबलाचा एक पाय मात्र दोन सूत आखूड निघाला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला आहे. तोवर खाली पुठ्ठा घातला आहे.