एकदाच आलेला पैसा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती, ती आता उठली. आजचा विषय काहींना रुक्ष वाटेल, कारण तो सरकारी अनुदानाचा आहे. पण चौतीस वर्षं अनुदानित शाळेत काढलेल्या माझ्यासारख्या बाईला या एका शब्दात पगार, खडू, गळकं छप्पर, सगळं एकदम दिसतं. तेव्हा सांभाळून घ्या.

माझी धाकटी लेक न्यू जर्सीत असते, हे नेहमीच्या वाचकांना आणि अर्थातच नातेवाइकांना ठाऊक आहे. तिथली शिक्षिका होण्याची परीक्षा तिने दिलेली होती, पण मुलं लहान असल्यामुळे नोकरी धरली नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या एका सरकारी शाळेत ती लागली. काम असं, की करोनाच्या काळात गणितात मागे पडलेल्या मुलांना तीन-तीन, चार-चारच्या गटात घेऊन शिकवायचं. जून २०२४ मध्ये ते काम संपलं. म्हणजे मुलं संपली नाहीत, पैसा संपला. त्या पैशाची गोष्ट मी तिच्याकडून तुकड्यातुकड्याने ऐकली, मग वाचून समजून घेतली. ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

अमेरिकेत शाळा चालवणं हे मुख्यतः राज्याचं आणि स्थानिक मंडळाचं काम. पैसाही बराचसा त्यांचाच. त्यातला मोठा भाग घरांवरच्या करातून, आपल्या भाषेत घरपट्टीतून येतो. साहजिकच जिथे घरं महाग तिथल्या शाळा श्रीमंत! केंद्र सरकारचा वाटा एरवी रुपयातल्या दहा पैशांच्या आतच. पण २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि केंद्राने एका वर्षाच्या आत तीनदा तिजोरी उघडली. मार्च २०२० मध्ये सुमारे १,३२० कोटी डॉलर, डिसेंबर २०२० मध्ये सुमारे ५,४३० कोटी आणि मार्च २०२१ मध्ये सुमारे १२,२०० कोटी. पहिल्या दोन कायद्यांवर ट्रम्पसाहेबांची सही, तिसऱ्यावर बायडेनसाहेबांची. बेरीज जवळजवळ १९,००० कोटी डॉलर, त्या वेळच्या भावाने चौदा लाख कोटी रुपयांच्या घरात. तिथल्या सरकारी शाळांत पाचएक कोटी मुलं आहेत, म्हणजे मुलामागे सरासरी पावणेचार हजार डॉलर. शाळांसाठी केंद्राने एकदम एवढा पैसा यापूर्वी कधी दिला नव्हता.

वाटप कसं केलं, तेही मला आवडलं. सगळ्यांना सारखं नाही, तर जिथे गरीब मुलं जास्त तिथे पैसा जास्त. हे सूत्र १९६५ च्या कायद्यातलं. त्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तरुणपणी स्वतः शाळामास्तर होते. टेक्सासमधल्या कोटुला या गावी गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना त्यांनी शिकवलं होतं. आणि सही त्यांनी कुठे केली, तर ते लहानपणी ज्या एकखोली शाळेत गेले होते तिच्या अंगणात, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून! शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. असो.

आता पैशाच्या अटी. पहिल्या हप्त्याचा खर्च सप्टेंबर २०२२ पर्यंत ठरवायचा, दुसऱ्याचा सप्टेंबर २०२३ आणि तिसऱ्याचा सप्टेंबर २०२४ पर्यंत. तिसऱ्या हप्त्यातला निदान पाचवा हिस्सा बुडालेला अभ्यास भरून काढण्यावर खर्च करायचा, बाकीचा बराचसा शाळांच्या मर्जीवर. मुदत संपली की पैसा गेला.

ही मुदतीची अट वाचली आणि मला आमची मार्चअखेर आठवली. आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांना वेगळं सांगायला नको. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र यायचं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. एकतीस तारखेच्या आत तीन कोटेशनं मागवा, खरेदी करा, पावत्या जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा. नाही तर रक्कम परत. एका वर्षी आम्हाला खरी गरज होती पाचवीतल्या वाचता न येणाऱ्या वीस-बावीस मुलांना रोज तासभर घेऊन बसणाऱ्या माणसाची. गावात एक बारावी झालेली, चुणचुणीत मुलगी होती, ती आनंदाने आली असती. पण सतरा दिवसांत माणूस खर्ची टाकता येत नाही. कपाट टाकता येतं. आमच्याकडे दोन कपाटं आली आणि मानवी पचनसंस्थेचे तीन तक्ते. मुख्याध्यापकांचाही यात दोष नव्हता. ज्याची पावती मिळते तेच घेता येतं.

अमेरिकेतल्या शाळांना सतरा दिवस नव्हते, तीन-साडेतीन वर्षं होती. पण घोळ त्याच जातीचा झाला. पैसा एकदाच येणार हे ठाऊक असल्यामुळे शहाण्या मंडळांनी तो एकदाच करायच्या कामांवर लावला. जुन्या इमारतींत हवा खेळती ठेवणारी यंत्रं बसवली, खिडक्या बदलल्या, मुलांना लॅपटॉप दिले. काही ठिकाणी खेळाच्या मैदानावर कृत्रिम हिरवळही अंथरली गेली आणि त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. हिरवळीचं समर्थन मी करणार नाही. पण खिडक्यांना नावं ठेवू नयेत. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या साथीत, वर्षानुवर्षं खिडक्या न उघडलेल्या वर्गात लेकराला पाठवायला कोणती आई तयार झाली असती? मुलं शाळेत परत येणं ही पहिली पायरी होती, आणि त्या पायरीला पैसा लागला.

ज्या मंडळांनी धाडस करून माणसं नेमली, त्यांचं पुढे काय झालं, ते माझ्या लेकीच्या उदाहरणावरून सांगते.

२०२३ च्या वसंतात मी तिच्याकडे होते. रात्री जेवणं झाली की ती टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा ढीग ओतायची आणि दहा-दहाच्या जुड्या रबरबँडने बांधत बसायची. मी म्हटलं, “अगं, हे तर माझंच काम!” तर म्हणाली, “आई, तुझंच आहे. तुझ्या पहिलीच्या वर्गातून उचललंय.” तिच्या गटात तिसरीतला एक मुलगा होता. बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांगितले, की तो पस्तीस उत्तर लिहायचा. वाचकांपैकी शिक्षकांनी ही चूक लगेच ओळखली असेल. साताऱ्याकडचं पोर असो की न्यू जर्सीचं, चूक तीच. दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून दोन काढतं. दशक फोडायचा, हातचा घ्यायचा, हे त्याच्या हाताला कधी कळलेलंच नसतं. या मुलाची पहिली गेली स्क्रीनसमोर. तिथे बाई दिसत होत्या, काड्या हातात नव्हत्या. दुसरीत सगळ्या वर्गाबरोबर तो पुढे ढकलला गेला. वर्गात पंचवीस मुलं, बाई एक, पुस्तक पुढे चाललेलं.

लेकीने त्याला आठवड्यातून चार दिवस, अर्धा-अर्धा तास घेतलं. जुडी सोड, दहा काड्या सुट्या कर, आता मोज. सातव्या आठवड्यात त्याने स्वतःहून जुडीचं रबर काढलं आणि म्हणाला, आता माझ्याकडे बारा आहेत. त्या रात्री लेक घरी आली ती केवढ्या आनंदात! जावई विचारतात, काय झालं? ही म्हणते, रबर काढलं! त्यांना काही कळेना, मला लगेच कळलं.

पण मोठ्या चित्रात हा रबरबँड कुठे दिसतो का? अमेरिकेत देशभर एक परीक्षा घेतात, तिचे निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये लागले. २०१९ च्या तुलनेत गणितात चौथीची मुलं ५ गुणांनी आणि आठवीची ८ गुणांनी खाली आली होती. २०२४ च्या परीक्षेत चौथीने गणितात २ गुण परत मिळवले, आठवी होती तिथेच राहिली, आणि वाचनात दोन्ही इयत्ता आणखी २ गुणांनी घसरल्या. शिवाय मुलांची शाळेची सवयच मोडली. शाळेच्या दिवसांपैकी दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणारी मुलं २०१८-१९ मध्ये शंभरात १५ होती, ती २०२१-२२ मध्ये २८ झाली. शाळेतच न आलेल्या मुलाला काड्या कुणी द्यायच्या?

हे आकडे वाचून पुष्कळजण म्हणाले, पैसा पाण्यात गेला. पण जून २०२४ मध्ये हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की मुलामागे हजार डॉलर खर्चले तिथे गणितात वर्षभराच्या अभ्यासाच्या सुमारे तीन टक्के प्रगती झाली. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं धरलं तर पाच-सहा दिवस. हसू नका. मी सहामाहीनंतर एकेका मुलाला आठवडाभराचा अभ्यास भरून काढायला लावला आहे, त्याला किती घाम लागतो मला माहीत आहे. पैशाचा उपयोग झाला, फक्त नुकसानाच्या मानाने तो थोडा पडला. आणि मला वाटतं, तो थोडा का पडला याचं एक कारण मुदतीत आहे.

माझं गणित साधं आहे. लेकीच्या गटातला तो मुलगा २०२० मध्ये पहिलीत होता. तो बारावी पूर्ण करील २०३२ मध्ये. पैशाची मुदत संपली २०२४ मध्ये, तेव्हा तो चौथी पूर्ण करत होता. त्याच्या पुढ्यात अपूर्णांक यायचे होते, बीजगणित यायचं होतं. पाया एकदा कच्चा राहिला की प्रत्येक नव्या मजल्यावर तडा दिसतो, आणि तो बुजवायला कुणीतरी तिथे असावं लागतं. लेकीच्या शाळेत असे तिघेजण होते. जून २०२४ मध्ये तिघांनाही पत्रं मिळाली. पत्राची भाषा अतिशय सभ्य होती म्हणे. मंडळाचाही इलाज नव्हता, कारण पटसंख्या कमी झालेली, घरपट्टी वाढवायला लोक तयार नाहीत. तिने काड्यांचा डबा वर्गाच्या बाईंना दिला. आता ती त्याच शाळेत अधूनमधून बदली शिक्षिका म्हणून जाते, आज ग्रंथालय, उद्या चित्रकला. तो मुलगा व्हरांड्यात भेटला की हात करतो. गणितात कसा आहे, हे तिला आता माहीत नसतं.

काही राज्यांना उरलेली कामं पुरी करायला जादा मुदत मिळाली होती. तीही मार्च २०२५ मध्ये केंद्राने एका पत्राने रद्द केली आणि काही राज्यं कोर्टात गेली. म्हणजे जो पैसा आणीबाणी म्हणून आला, त्याचा शेवटही आणीबाणीतच!

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर असा पैसा आलाच नाही. खरं आहे. ‘असर’च्या पाहणीत देशभरात तिसरीतल्या दुसरीचं पुस्तक वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ वर आलं आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झालं. म्हणजे आपण होतो तिथे परत आलो. पण शंभरातली सत्तावीस मुलं वाचतात याचा अर्थ त्र्याहत्तर वाचत नाहीत, तेव्हा मिशीला तूप लावून हिंडण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायला मी हे लिहिलेलं नाही. त्यांनी निदान तिजोरी उघडली, आणि ती गरिबाच्या बाजूने जास्त उघडली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शाळेत दोन तऱ्हेचे खर्च असतात. खिडकी, यंत्र, लॅपटॉप यांना पैसा एकरकमी लागतो. तो मुदत घालून द्यावा, हवं तर तारखेला दरडावून मागून घ्यावा. पण माणसाला पैसा धारेने लागतो, बारीक का होईना. १२,२०० कोटींतला तो पाचवा हिस्सा तीन वर्षांत संपवायला न लावता दहा वर्षांवर पसरला असता, तर लेकीसारख्या तिघांपैकी कदाचित एकीलाच घेता आलं असतं. पण ती एक २०३० मध्येही त्या शाळेत असती. सावकाश मुरणाऱ्या कामाला नगदी पिकाचा हिशेब लावून चालत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला तरी कळतं.

लेकीला मी परवा फोनवर हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, “आई, हे तू त्यांच्या अर्थखात्याला लिही.” त्यांना मराठी येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमच्यापैकी कुणी त्या काळात इथे किंवा तिकडे मुलांना शिकवलं असेल, तर तुमच्या पोरांचं पुढे काय झालं ते जरूर कळवा. मला खरोखर ऐकायचं आहे.