केबलचे टोक

वर्धा जिल्ह्यातील कपाशीच्या शिवारांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा उघड्याच असतात. भोवतालची हवा हेच त्यांचे आवरण. परंतु तीच वीज ११,००० किंवा ३३,००० व्होल्टच्या दाबाने काळ्या मातीखालून न्यायची, म्हणजे तिला पांघरुणात जखडावे लागते. मधोमध धातूची तार, तिच्यावर जाड पांढरे वेष्टन, त्याला बिलगून एक काळा अर्धवाहक थर आणि त्यावर तांब्याची पातळ पट्टी. ही पट्टी जमिनीशी जोडलेली असते. धातूने मढविलेल्या खोलीवर बाहेरून विजेचे लोळ सोडले, तरी आत त्यांचा मागमूस लागत नाही, हे मायकेल फॅरेडे याने १८३६ साली दाखवून दिले. केबलमध्ये हेच कवच आतला ताण बाहेर पडू देत नाही.

खरी कसोटी असते ती टोकाशी. तेथे कवच कोठेतरी संपवावेच लागते, आणि जेथे ते संपते त्या कडेवर सारा ताण एकवटतो. तो पसरविण्यासाठी कडेवर एक खास नळी चढवितात. पण त्याआधीचे काम हातांचे. सोलण्याची अवजारे मिळतात, हे खरे. तरीही खड्ड्यात उकिडवे बसून सुरी चालविणारा माणूस लागतोच. काळा थर उतरविताना सुरी किंचित खोल गेली, की पांढऱ्या वेष्टनावर केसाएवढी चीर पडते.

“बाळा, डोळ्यांवर विसंबू नकोस, नखाने चाचपून पाहा,” असे जुना कारागीर शिकाऊ मुलाला सांगतो, ते उगीच नव्हे. चिरेतल्या हवेत सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि वेष्टन रात्रंदिवस कुरतडत राहतात. केबल पहिल्या दिवशी उत्तम चालते, कित्येक महिनेही चालते. मग एखाद्या रात्री स्फोट होतो आणि घरे, दवाखाने अंधारात बुडतात. तोवर ती सुरी धरणारा दुसऱ्याच गावी गेलेला असतो!

म्हणून वेष्टन गुळगुळीत होईपर्यंत घासायचे आणि मग पुसायचे. पुसतानाही हात टोकाकडून काळ्या थराकडेच न्यावयाचा. उलट नेल्यास काळी भुकटी पांढऱ्यावर पसरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कपाळावरचा घामाचा एक थेंब खाली टपकला, तरी पुसणे पुन्हा पहिल्यापासून. पावसाळी हवेत तर आडोसा केल्यावाचून केबल उघडावयाची नाही.

अखेर नळी चढते, ज्योतीच्या धगीने आकसून घट्ट बसते, पट्टी जमिनीशी जोडली जाते, आणि ते सारे घासणे-पुसणे कायमचे झाकले जाते.