शिरपूर ते कोबे : दूरध्वनी आणि वाटाड्या

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या नावाने देशभर ओळखले जाते. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त या श्रीपूरचे वर्णन केले, तेव्हाही हे दूरदूरच्या यात्रेकरूंचे स्थान होते. एके काळी मूर्तीखालून घोडेस्वार जाऊ शकत असे, ही आख्यायिका आजही येथे सांगितली जाते. तळघरातील श्यामवर्ण मूर्तीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत मूर्तीसोबत आणखी कोणीतरी असते : धर्मशाळेचे मुनीमजी. खोली कोठे, पाणी केव्हा, भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी ताट केव्हा वाढले जाईल, गावाबाहेरच्या पवळी मंदिराकडे वाट कोणती, हे सारे तेच सांगतात.

मुनीमजींच्या एका शब्दाचे मोल या गावाइतके दुसऱ्या कोणत्या तीर्थाने क्वचितच अनुभवले असेल. सुमारे चार दशके मंदिराचे दार बंद होते आणि दर्शन एका लहान झरोक्यातून होत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 च्या मार्च महिन्यात ते उघडले. त्या काळात निघण्यापूर्वी शिरपूरला दूरध्वनी करणारा यात्रेकरू सारे जाणून येई. न विचारता आलेला यात्रेकरू शेकडो मैलांचा प्रवास करून बंद दारापुढे उभा राही. प्रवासात आधी विचारलेला प्रश्न ही अर्धी सोय असते.

आता शिरपूर-वाशिमच्या परिसरातील व्यापारी कुटुंबेही परदेशी जाऊ लागली आहेत. दुबई, सिंगापूर यांच्या जोडीला जपानचे नावही घेतले जाते, आणि जपानमध्ये जैन यात्रेकरूची पावले कोबेकडे वळतात. 1868 मध्ये परदेशी व्यापारासाठी खुले झालेले हे बंदर. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. मोत्यांच्या व्यापाराने पुढे जैन कुटुंबेही येथे स्थिरावली, आणि कितानो या डोंगरउताराच्या वस्तीत 1985 साली संगमरवरी महावीरस्वामी मंदिर उभे राहिले. समुद्रापार देवदर्शन होते, ही गोष्ट मोठीच. पण कोबेच्या विमानतळावर मुनीमजी उभे नसतात. त्यांचे काम तेथे दोघांत वाटले जाते : एक खिशातला दूरध्वनी, दुसरा स्थानिक वाटाड्या.

प्रथम दूरध्वनी. व्यापाऱ्याचा क्रमांक हीच त्याची पेढी असते. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, वाशिम बाजार समितीतील सोयाबीनचा भाव त्यावरच कळतो, मालाचा होकार-नकारही त्यावरच ठरतो. विमानातून उतरताच घरचे सिम काढून परदेशी सिम घालणारा मनुष्य आपल्याच दुकानाला कुलूप लावतो. म्हणून भारतीय सिम दूरध्वनीतच ठेवावे, त्यावरील इंटरनेट मात्र बंद करावे आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्यावे. त्यासाठी आपला दूरध्वनी ई-सिम स्वीकारतो का, हे दुकानात तपासून घ्यावे. ई-सिम घरच्या वायफायवर निघण्यापूर्वीच बसवावे. परदेशी उतरल्यावर ते बसवण्यासाठीसुद्धा इंटरनेटच लागते. भारतीय सिमवरील आंतरराष्ट्रीय रोमिंगही देश सोडण्यापूर्वी सुरू करून घ्यावे आणि संदेश येण्याचे शुल्क कंपनीला विचारावे. जपानमधील पर्यटकांची बहुतेक सिमे केवळ इंटरनेटची असतात, त्यांवर स्थानिक क्रमांक मिळत नाही. ज्याचा दूरध्वनी जुना आहे, त्याला विमानतळावर खिशात मावणारे वायफाय यंत्र भाड्याने मिळते. एका यंत्रावर सारे कुटुंब चालते. मात्र कुटुंबाची ताटातूट झाली की ज्याच्या हाती यंत्र त्याच्याच हाती संपर्क.

बँकेचे कार्ड हा याच साखळीचा दुवा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, हेही घरच्यांना सांगून ठेवावे. रात्री आठला दुकान वाढवून मुलाने हिशेब सांगायला दूरध्वनी केला, तर कोबेत वडील साडेअकराच्या झोपेत असतात.

दूरध्वनी वाट दाखवतो. ताटात काय आहे, ते मात्र नेहमीच सांगू शकत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी या रश्शावर असतो आणि ती बहुधा सुकवलेल्या माशापासून करतात. केवळ भाज्या दिसणाऱ्या वाटीतही ती असते. बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी या भोजनात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे ऐकून जैन कुटुंब निर्धास्त होते. परंतु त्यात मुळा, कमळकाकडी असतेच आणि रश्शात अळंबी असते. म्हणून वाटाड्याला नुसते ‘शाकाहारी’ म्हणणे अपुरे. मासे, अंडी, कांदा, लसूण, कंदमुळे, अळंबी अशी एकेका पदार्थाची यादी त्याला आधीच पाठवावी आणि जपानी लिपीत लिहून मागवावी. ती चिठ्ठी उपाहारगृहात दाखवता येते.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. डिसेंबरात वाशिमला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, कोबेत पाचच्या आतच. अनेक उपाहारगृहांची सायंकाळची वेळ त्यानंतर सुरू होते. चौविहार पाळणाऱ्या आजींसाठी दिवसाचा आराखडा सायंकाळच्या जेवणापासून मागे मोजत आखावा लागतो. हे वाटाड्याला पहिल्या पत्रातच कळवले, तर दुपारचे एखादे स्थळ वगळून तो चार वाजता ताटाची सोय करू शकतो.

वाटाड्या निवडताना देशाचा कायदाही पाहावा. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय मोबदला घेऊन वाटाड्याचे काम करता येत नाही. जपानमध्ये राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेले वाटाडे असतात. 2018 पासून इतरांनाही मोबदला घेऊन हे काम करण्याची मुभा आहे, म्हणून परीक्षा दिली आहे का, हे विचारावे. अनेक शहरांत स्वयंसेवी वाटाड्यांची मंडळेही आहेत. ते मोबदला घेत नाहीत; त्यांचे प्रवासभाडे, प्रवेशशुल्क आणि भोजन पाहुण्याने द्यायचे असते. किती तास, किती माणसे, वृद्धांना पायऱ्या किती, हे सारे लेखी ठरवावे. कितानोची चढण गुडघे दुखणाऱ्यांना जाणवते. मंदिर दर्शनासाठी केव्हा उघडे असते, हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पूर्वी व्यापारी परगावी निघताना तेथील आडत्याच्या नावे चिठ्ठी घेऊन जात असे. तिच्यात लिहिणाऱ्याची पत गुंतलेली असे, म्हणून अनोळखी गावातही घराचे दार उघडे. आज चिठ्ठीची जागा संदेशाने घेतली आहे. पत मात्र पूर्वीसारखीच स्पष्ट शब्दांतून मिळते. आपण कोण, काय खातो, केव्हा खातो, कोणाला चालवत नाही, हे जो आधी मोकळेपणाने सांगतो, त्याच्या आजींना परक्या देशातही सूर्यास्तापूर्वी निर्मळ मनाने ताटावर बसता येते.