घाट, समुद्र आणि अठरा तास

बेळगावच्या पोस्टिंगची एक मजा आहे. सकाळी घाट उतरायला लागले की दुपारच्या जेवणाला समुद्र समोर असतो. डिसेंबरात चार दिवसांची कॅज्युअल मंजूर झाली, तेव्हा मी आणि माझ्या बडीने ठरवले की किनाऱ्याने गाडी हाकत जायचे आणि पाण्याखालची बुडालेली जहाजे पाहायची. बडी म्हणजे काय, हे माजी सैनिकांना सांगायला नको. स्कुबा डायव्हिंगमध्येही हाच शब्द आणि हाच नियम आहे. एकट्याने उतरायचे नाही आणि उतरल्यावर एकमेकाला नजरेआड होऊ द्यायचे नाही.

बडीच्या हातात लेहची पोस्टिंग ऑर्डर होती. पुन्हा समुद्र कधी दिसेल कोण जाणे, म्हणून जेवढ्या डाइव्ह बसतील तेवढ्या बसवायच्या, हा त्याचा हट्ट. कागदावर बेत असा झाला: पहिल्या दिवशी आंबोली उतरून मालवण आणि तारकर्लीला सरावाची एक डाइव्ह. दुसऱ्या दिवशी गोवा. तिसऱ्या दिवशी ग्रांदे बेटापाशी दोन डाइव्ह. चौथ्या दिवशी सकाळी आणखी एक, मग चोर्ला घाटाने बेळगाव आणि संध्याकाळी हजर.

मालवणात नौदलातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक डायव्हर राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी कागद वाचला आणि पेनाने चौथ्या दिवसाची डाइव्ह खोडली.

"का हो नाना? आम्ही काही विमानाने जाणार नाही," बडी म्हणाला.

नानांनी समजावले. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्या दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच उंचीवर गेलो, तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्या तर किमान अठरा तास विमानात बसायचे नाही, अशी डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे.

"आणि साधारण सहाशे मीटरच्या वर गेलास, की शरीराला विमान काय नि गाडी काय! चोर्ला आठशेच्या आसपास, तुमचं बेळगाव साडेसातशे. लेहला नऊ हजार फुटांवर सहा दिवस बसवतात, बारा हजारांवर आणखी चार, पंधरा हजारांवर पुन्हा चार. तिथे घाई करशील का?"

बडी गप्प झाला. मग जरा वेळाने त्याने विचारले, "नाना, खुकरीपर्यंत कुणी उतरलंय का?"

नानांचा चेहरा बदलला. त्यांचे चुलते आयएनएस खुकरीवर होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

"ते बघायचं जहाज नाही," नाना म्हणाले. "दीवला स्मारक आहे. तिथे जा, टोपी काढ, दोन मिनिटं उभा राहा. आमच्या घरचं माणूस अजून आत आहे."

आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मग नाना मालवाहू जहाजांवर आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सेंट जॉर्ज रीफजवळ एका जहाजाचे अवशेष तपासले आहेत. त्यात बासेल मिशनची कौले निघाली, त्यांवर १८६५ हे साल होते. म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांवर असतात तसली मंगळुरी कौलेच!

तिसऱ्या दिवशी आम्ही ग्रांदेला उतरलो. गोव्याचे पाणी अंदमानसारखे नितळ नसते. जहाज दिसत नाही, ते एकदम समोर येते. गंजलेले पत्रे, त्यांवर कालवे, फटींतून माशांचे थवे. आत शिरण्याचे प्रशिक्षण आम्हा दोघांकडे नव्हते, त्यामुळे बाहेरूनच फेरी मारली. काही उचलले नाही. दुपारी एकला शेवटचे वर आलो आणि बडीने घड्याळाची वेळ वहीत लिहिली.

चौथ्या दिवशी सकाळी सातला अठरा तास भरले. तरीही आम्ही नाश्ता करून दहानंतरच निघालो. समुद्र समोर होता, पाणी शांत होते आणि बडी वाळूत बसून नुसता बघत होता. त्याला काय वाटत असेल, ते मला कळत होते.

तुम्हाला असा बेत आखायचा असेल तर तो पावसाळ्यानंतरच आखा. ओपन वॉटरचे प्रमाणपत्र असेल तर अठरा मीटरची मर्यादा पाळा. डाइव्ह आधी ठेवा, घाट शेवटी, आणि मधली एक रात्र समुद्रकाठी काढा.

परवा लेहहून बडीचा फोन आला. "चौथा दिवस आहे. अजून दोन दिवस नुसतं बसून खायचंय. नानांना सांग, ह्यावेळी कुणाला काही खोडावं लागलं नाही."